हिवतापाची स्लाइड: बोटापासून रजिस्टरपर्यंत

मी गडचिरोली जिल्ह्यात, धानोऱ्याकडच्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात लॅब टेक्निशियन आहे. रोवणीच्या (भाताच्या लावणीच्या) सुमारास दरवर्षी कुणीतरी नवीन शिकायला येतं. डीएमएलटी (लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा) झालेलं असतं, मार्कही चांगले असतात, आणि आल्या आल्या मायक्रोस्कोपसमोर बसायची घाई असते. मी उठवते. आधी आठ दिवस बोट टोचायचं, स्लाइड काढायची, वाळवायची, रंगवायची. हिवतापाची तपासणी बिघडते ती बहुतेक वेळा स्लाइड लेन्सखाली जाण्याच्या आधीच. बिघडलेल्या स्लाइडमधून कितीही मुरलेल्या माणसाला परजीवी सापडत नाही, रजिस्टरला निगेटिव्ह चढतं, आणि तापाने फणफणलेला माणूस गोळ्या न घेता घरी जातो.

त्या मुलांना जे तोंडी सांगते तेच इथे लिहिते आहे. आशाताई, आरोग्य सेवक, सेविका यांनी पहिला अर्धा भाग जरूर वाचावा, कारण गावातून येणाऱ्या स्लाइड तुम्हीच काढता.

काच

नव्या पेटीतली काच स्वच्छ असते असं धरून चालू नका. तिच्यावर बऱ्याचदा तेलकट थर असतो. रक्त पसरवलं की त्यात मधे मधे गोल भोकं पडतात ती त्यामुळेच. साबणाच्या पाण्यात बुडवून ठेवा, भरपूर पाण्याने धुवा, मऊ सुती कापडाने कोरड्या करा आणि तिथून पुढे फक्त कडांना धरा. ओरखडे पडलेली काच वापरू नका. ओरखड्यात रंग अडकतो आणि लेन्सखाली निळी-जांभळी रेघ दिसत राहते.

आमच्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी ओली असते की उघड्या पेटीतल्या काचा एकमेकींना चिकटतात, त्यांच्यावर बुरशी धरते. बुरशीचे कण रंग छान पितात आणि नवख्याला परजीवी वाटतात. दहा-दहा काचा कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा.

बोट

टोचण्याआधी दोन प्रश्न विचारा. ताप कधीपासून, आणि काही गोळ्या घेतल्या का. दुसऱ्याचं उत्तर पहिल्यांदा "नाही" असंच येतं. "दुकानातून? झोलाछाप डॉक्टरकडून? घरात उरलेल्या?" असं एकेक करून विचारलं की निघतं. अर्धवट क्लोरोक्विन पोटात गेलेल्या माणसाच्या रक्तात परजीवी विरळ होतात, ते फॉर्मवर लिहिलेलं असलं की मी ती स्लाइड जास्त वेळ बघते. ताप चढायची वाट बघत बसू नका. हुडहुडी भरलेली असो की ताप उतरलेला असो, माणूस समोर आहे तेव्हाच रक्त घ्या. तो उद्या रानात गेलेला असेल.

डाव्या हाताची अनामिका घ्या. वर्षाच्या आतलं बाळ असेल तर पायाचा अंगठा किंवा टाच. बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, दिवसभर राबणाऱ्या माणसांची बोटं भेगाळलेली, घट्ट झालेली असतात. आधी साबणाने हात धुवायला लावा, थंडीच्या दिवसांत कोमट पाणी द्या. बोटाच्या टोकाच्या मधोमध टोचू नका, थोडं बाजूला टोचा. तिथे दुखतं कमी आणि रक्त चांगलं येतं. स्पिरिटने पुसल्यावर थांबा. पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर थेंब गोल उभाच राहत नाही, पसरतो, आणि तांबड्या पेशी तिथल्या तिथे खराब होतात. रांग मोठी असली की सगळ्यात आधी मोडला जातो तो हाच नियम. लॅन्सेट (टोचायची सुई) एका माणसाला एकच, टोचल्याबरोबर पांढऱ्या डब्यात. हातमोजे घाला.

पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाका. मग बोट हलकं दाबून पुढचे थेंब घ्या. पिळू नका, पिळलं की रक्तात पेशींभोवतीचं पाणी मिसळतं आणि ते पातळ होतं. काच थेंबाला टेकवायची, कातडीला लागू द्यायची नाही. काचेच्या एका टोकापासून सेंटिमीटरभर सोडून तीन छोटे थेंब जवळजवळ घ्या, हे जाड स्मिअरसाठी (स्मिअर म्हणजे काचेवर पसरलेला रक्ताचा थर). काचेच्या मध्याकडे एकच लहानसा थेंब, हा पातळ स्मिअरसाठी.

आधी पातळ ओढा, कारण तो थेंब लहान असतो आणि लवकर गोठतो. गुळगुळीत कडेची दुसरी काच थेंबाला टेकवा, रक्त त्या कडेने दोन्ही बाजूंना धावू द्या, मग ४५ अंशांचा कोन धरून एका दमात पुढे ढकला. हात अडखळला की स्मिअरवर आडव्या लाटा उठतात. शेवट काचेच्या टोकाच्या आत, विरत गेलेला हवा. मग त्याच काचेच्या कोपऱ्याने ते तीन थेंब एकत्र करा आणि चार-पाच फेऱ्यांत साधारण एक सेंटिमीटरचा गोल बनवा. ढवळत बसलात तर रक्तात धागे तयार होतात आणि तो थर पुढे धुताना सोलून निघतो. जाडी तपासायची जुनी आणि अजूनही उत्तम रीत अशी: ओली स्लाइड वर्तमानपत्रावर धरा. गोलामधून अक्षरं जेमतेम वाचता आली पाहिजेत. मजकूर स्वच्छ वाचता येत असेल तर थर पातळ झाला, काहीच दिसत नसेल तर फार जाड.

एकाच काचेवर दोन प्रकार कशासाठी, हे प्रत्येक जण विचारतो. जाड थरात एका फील्डमध्ये (लेन्समधून एका वेळी दिसणाऱ्या गोल भागात) पातळपेक्षा साधारण वीस ते तीस पट रक्त बघून होतं, म्हणून परजीवी आहे की नाही हे तिथे शोधायचं. पण जाड थरात तांबड्या पेशी फुटलेल्या असतात, परजीवी उघडे पडलेले असतात. पेशी मोठी झाली का, तिच्यात ठिपके आहेत का, हे पातळमध्येच कळतं. परजीवीची जात तिथे ठरवायची.

पातळ स्मिअर वाळला की त्याच्या जाडसर भागावर पेन्सिलीने नंबर आणि तारीख लिहा. पेनची शाई मिथेनॉलमध्ये धुऊन जाते. फॉर्मवरचा नंबर आणि काचेवरचा नंबर तिथेच, रुग्ण उठायच्या आधी जुळवून बघा.

वाळवणं

स्लाइड आडवी, सपाट ठेवा. तिरकी राहिली की जाड स्मिअर एका बाजूला घसरतो. उन्हात, चुलीशेजारी, बल्बखाली ठेवू नका. उष्णतेने जाड थर काचेवर भाजल्यासारखा पक्का बसतो आणि मग पाण्यात त्याचा लाल रंग निघत नाही. आत परजीवी असले तरी ते त्या लाल पडद्याआड राहतात. पंख्याचा हळू वारा चालतो, धूळ उडवणारा नाही.

आणि कीटक. माश्या, मुंग्या, झुरळं जाड स्मिअर आवडीने खातात. आशाताईंच्या घरून आलेल्या स्लाइडवर कधी कधी कडेने कुरतडल्यासारखा, मधे चट्टे पडून काच उघडी झालेला गोल दिसतो. तो मुंग्यांचा प्रताप. जाळीच्या झाकणाचा डबा, नसेल तर उलटी घातलेली चाळणी वापरा.

वाळलेली स्लाइड त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी लॅबला पोचली पाहिजे. दिवस जातील तसा जाड थर आपोआपच पक्का होत जातो. भामरागडकडे पर्लकोटा नदीला पूर आला की रस्ता बंद, आमच्याकडेही नाल्यांची तीच गत, हे सगळं मला माहीत आहे. अशा वेळी निदान रक्त घेतल्याची खरी तारीख लिहा. पोचवल्याची तारीख लिहून दिलीत तर रंग नीट का आला नाही हे मला कळत नाही.

रंग

आपल्या कार्यक्रमात वर्षानुवर्षं चालत आलेला रंग म्हणजे जेएसबी. जसवंत सिंग आणि भट्टाचारजी या दोघांच्या नावावरून. १९४४ सालचा, अस्सल भारतीय. पाण्यात विरघळतो, स्वस्त पडतो आणि मिनिटभरात काम होतं. जेएसबी-एक निळा, जेएसबी-दोन म्हणजे इओसिनचा लाल.

आधी फक्त पातळ भाग मिथेनॉलने फिक्स करायचा, म्हणजे काचेवर पक्का बसवायचा. काच अशी तिरकी धरा की मिथेनॉल जाड स्मिअरकडे वाहणार नाही. त्याची वाफही जाड भागाला लागू देऊ नका. पावसाळ्यात मिथेनॉलची बाटली उघडी ठेवली की ते हवेतलं पाणी ओढतं. पाणी शिरलेल्या मिथेनॉलने फिक्स केलेल्या पेशी चमकतात, त्यांच्यात चकाकणारी छिद्रं दिसतात, आणि प्रत्येक छिद्र नवख्याला रिंग (कडीसारखा दिसणारा कोवळा परजीवी) वाटते. बाटली घट्ट बंद आणि कुलपात. ते विष आहे, हेही लक्षात असू द्या.

पातळ भाग वाळला की जाड भाग साध्या पाण्यात बुडवा. लाल रंग निघून थर राखाडी-पांढरट दिसेपर्यंत ठेवा, पाच-दहा मिनिटं लागतात. पाण्यात काच हलवू नका. मग वाळवा. यानंतर जेएसबी-दोनमध्ये एक-दोन सेकंद, बफरच्या (पीएच कायम राखणाऱ्या) पाण्यात दोन-तीन बुचकळ्या, निथळू द्या, जेएसबी-एकमध्ये तीस ते चाळीस सेकंद, पुन्हा बफरच्या पाण्यात आठ-दहा बुचकळ्या, उभी करून वाळवा. बफरचा पीएच ६.२ ते ६.६. रंगाची नवी बाटली उघडली की पहिली स्लाइड ओळखीच्या पॉझिटिव्ह रक्ताची रंगवून वेळ बसवून घ्या, सेकंद थोडे मागेपुढे करावे लागतात.

गिम्सा हा दुसरा रंग असेल तर काम जास्त सुबक होतं, वेळ मात्र लागतो. ३ टक्क्यांच्या द्रावणात पाऊण तास, किंवा घाई असेल तर १० टक्क्यांच्या द्रावणात दहा-पंधरा मिनिटं. बफर ७.२ पीएचचा. गिम्सा पाण्यातच पातळ केलेला असल्याने जाड भागातला लाल रंग त्यातच निघून जातो, वेगळं बुडवावं लागत नाही. पातळ केलेला गिम्सा त्याच दिवशी वापरून संपवा. मूळ बाटलीत पाण्याचा थेंब जाऊ देऊ नका, ओला ड्रॉपर तर मुळीच नाही. धुताना स्लाइड तिरकी करून रंग ओतू नका. वर तरंगणारी सोनेरी-हिरवट साय मग नेमकी स्मिअरवर बसते. वरून हळू पाणी सोडून ती साय आधी वाहून जाऊ द्या.

बोअरच्या पाण्यावर भरवसा ठेवू नका. सगळी स्लाइड निळी-काळपट दिसली तर पाणी अल्कधर्मी, सगळी गुलाबी दिसली तर आम्लधर्मी. बफरच्या गोळ्या मागवायला आळस करू नये.

लेन्सखाली

रोवणी-कापणीच्या दिवसांत सकाळी नऊला बसलेला माणूस दुपारपर्यंत उठत नाही. म्हणून खुर्चीची उंची आधी नीट करा. हे कुणी शिकवत नाही, पण मान दुखायला लागली की फील्ड गाळले जातात. वीज गेली तर बॅटरीचा एलईडी मायक्रोस्कोप, तो नसेल तर जुना आरशाचा. आरसा मोकळ्या आकाशाकडे धरा, सूर्याकडे कधीच नाही. रात्री मायक्रोस्कोप बल्ब लावलेल्या लाकडी पेटीत ठेवा, नाहीतर एका पावसाळ्यात लेन्सवर बुरशीची जाळी पसरते.

आधी १० च्या ऑब्जेक्टिव्हने नजर फिरवा आणि जाड स्मिअरचा सारखा रंगलेला भाग निवडा. मग तेलाचा थेंब आणि १०० चं ऑब्जेक्टिव्ह, कंडेन्सर वर, डायाफ्राम उघडा.

परजीवी शोधायच्या आधी एक पांढरी पेशी शोधा. तिचं केंद्रक गडद जांभळं, कडा स्पष्ट, आसपासची जमीन स्वच्छ असेल तर रंग जमला, पुढे जा. पांढरी पेशीच फिकट किंवा डागाळलेली दिसत असेल तर ती स्लाइड वाचू नका. दुसरी मागवा. जो रंग पांढऱ्या पेशीला बसला नाही तो एवढ्याशा परजीवीला कुठून बसणार?

आता परजीवी. दोन गोष्टी एकत्र हव्यात: लालसर क्रोमॅटिनचा (केंद्रकाचा) ठिपका आणि त्याला लागून निळा सायटोप्लाझम (केंद्रकाभोवतीचा भाग). दोन्ही असतील तरच परजीवी. नुसता जांभळा ठिपका म्हणजे प्लेटलेट, नुसता निळा डाग म्हणजे रंगाचा गाळ. शंका आली की फाइन फोकस किंचित वरखाली करा. धूळ आणि गाळ वेगळ्या पातळीवर असतात आणि चमकतात, परजीवी पांढऱ्या पेशींच्याच पातळीवर स्पष्ट होतो. जाड थरात फाल्सिपेरमच्या (हिवतापाच्या सगळ्यात घातक जातीच्या) रिंगा अखंड दिसतीलच असं नाही. कधी स्वल्पविराम, कधी उद्गारचिन्ह, कधी तुटलेली कडी. पहिले काही दिवस हे सगळं कचराच वाटतं. खात्रीच्या पॉझिटिव्ह स्लाइडवर तासन्तास बसलात की डोळा आपोआप अडायला लागतो. यावर दुसरा उपाय मला सापडलेला नाही.

आमच्या भागात आणखी एक भानगड आहे. इथे सिकलसेलचे रुग्ण बरेच. त्यांच्या तांबड्या पेशींत कधी कधी गोल, गडद जांभळा एकच कण असतो, त्याला हॉवेल-जॉली बॉडी म्हणतात. त्याला निळा सायटोप्लाझम नसतो. आणि पातळ स्मिअरमधली कोयत्यासारखी वाकलेली पेशी घाईत फाल्सिपेरमचा गॅमेटोसाइट (डासात जाऊन रोग पुढे नेणारं परजीवीचं रूप) वाटू शकते. गॅमेटोसाइटच्या मधोमध केंद्रक आणि तपकिरी रंगद्रव्याचे दाणे असतात, सिकल पेशी आतून रिकामी, नुसती लाल. सिकलसेलच्या माणसाला हिवताप होतच नाही असं काही जण खुशाल सांगतात. होतो, आणि फार वाईट होतो. एकच सिकल जनुक असलेल्यांना गंभीर हिवतापापासून बरंच संरक्षण असतं, त्या गोष्टीचा हा विपर्यास.

निगेटिव्ह लिहायच्या आधी जाड स्मिअरचे कमीत कमी १०० फील्ड बघायचे. ओळीने, एका कडेहून दुसऱ्या कडेपर्यंत, मग एक फील्ड खाली सरकून परत. इकडून तिकडे उड्या मारल्या की तेच फील्ड पुन्हा पुन्हा बघितले जातात. एका स्लाइडला सात-आठ मिनिटं लागतात. आता हिशोब करा: पन्नास स्लाइडना ८ मिनिटांप्रमाणे ४०० मिनिटं, म्हणजे पावणेसात तासांच्या आसपास. ज्या टेक्निशियनने एका दिवसात शंभर-दीडशे स्लाइड तपासून निगेटिव्ह लिहिल्या, त्याने त्या काय बघून लिहिल्या ते तोच जाणे. गठ्ठा मोठा असेल तर उरलेल्या उद्यावर टाका आणि तसं डॉक्टरांना सांगा. आधी लहान मुलं, गरोदर बायका आणि जास्त आजारी माणसं यांच्या स्लाइड वर काढा.

आणि पॉझिटिव्ह सापडली म्हणून थांबू नका. व्हायवॅक्स (हिवतापाची दुसरी जात) दिसला की पुढचे १०० फील्ड फाल्सिपेरमसाठी बघा. दोन्ही एकत्र असणं आमच्याकडे नवलाचं नाही, आणि सुटतो तो नेमका जीव घेणारा.

जात ओळखणं

महाराष्ट्रात आपल्याला रोज भेटतात ते दोन: फाल्सिपेरम आणि व्हायवॅक्स. मुंबईत मुख्यतः व्हायवॅक्स, आमच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपेरमचा जोर. मलेरी ही तिसरी जात क्वचित. जातीप्रमाणे औषध बदलतं. व्हायवॅक्स यकृतात दडून बसतो आणि काही आठवड्यांनी, महिन्यांनी पुन्हा उठतो, म्हणून त्याला चौदा दिवसांचं प्रायमाक्विन लागतं. फाल्सिपेरमला आर्टिमिसिनिनची संयुक्त गोळी.

फाल्सिपेरमच्या पातळ स्मिअरमध्ये तांबडी पेशी नेहमीच्या आकाराची असते. रिंग बारीक, नाजूक, कधी पेशीच्या अगदी कडेला चिकटलेली, कधी एका रिंगेत दोन ठिपके, कधी एकाच पेशीत दोन-तीन रिंगा. सगळ्या एका वयाच्या दिसतात. मोठे परजीवी कुठे गेले? ते मेंदू, मूत्रपिंड, गरोदर बाईची वार यांच्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले असतात, बोटाच्या रक्तात येत नाहीत. म्हणूनच बोटात थोडेच परजीवी दिसले म्हणजे आजार हलका असं समजायचं नाही. उलट फाल्सिपेरमचे शायझाँट (दाण्यांत विभागलेले वाढलेले परजीवी) बोटाच्या रक्तात दिसायला लागले, किंवा पांढऱ्या पेशींनी तपकिरी रंगद्रव्य गिळलेलं बऱ्याच ठिकाणी दिसलं, तर स्लाइड तशीच ठेवून उठा आणि डॉक्टरांना सांगून या. रिपोर्ट नंतर लिहा.

चंद्रकोरीसारखे गॅमेटोसाइट दिसले की फाल्सिपेरमबद्दल शंका राहत नाही. पण उपचार झालेल्या माणसात नुसते गॅमेटोसाइट दिसले तर औषध लागू पडलं नाही असं लगेच लिहू नका. रिंगा मेल्यावरही ते काही आठवडे रक्तात फिरत राहतात. त्या माणसाला त्यांचा ताप येत नाही, मात्र त्याला चावलेला डास पुढे रोग नेतो. म्हणून रिपोर्टमध्ये फरक करायचा (पीएफ म्हणजे फाल्सिपेरम): नुसत्या रिंगा असतील तर पीएफआर, नुसते गॅमेटोसाइट असतील तर पीएफजी, दोन्ही असतील तर पीएफआरजी.

व्हायवॅक्समध्ये पेशी फुगून मोठी आणि फिकट होते. गिम्सा नीट बसला असेल तर तिच्यात बारीक गुलाबी ठिपके, शुफनरचे ठिपके, पसरलेले दिसतात. रिंग जाड, आणि वाढलेला परजीवी वेडावाकडा, पाय पसरल्यासारखा. एकाच स्लाइडवर रिंगेपासून शायझाँटपर्यंत सगळ्या वयाचे भेटतात, शायझाँटमध्ये १२ ते २४ दाणे. मलेरीचा परजीवी पेशीवर आडवा पट्टा ओढल्यासारखा बसतो आणि पेशी मोठी होत नाही. तसं काही दिसलं तर ती स्लाइड जपून ठेवा आणि जिल्ह्याच्या लॅबला दाखवा.

फक्त कोवळ्या रिंगा दिसत आहेत आणि जात ठरत नाही, असं होतं. तेव्हा अंदाजाने पीव्ही (व्हायवॅक्स) लिहून मोकळं होऊ नका. डॉक्टरांना तसं सांगा, त्याच माणसाचं रॅपिड किट (रक्ताच्या थेंबावरची झटपट चाचणी) करा, दुसरी स्लाइड मागवा.

मोजणं

रजिस्टरला अधिक चिन्हांची पद्धत चालते: १०० फील्डमध्ये १ ते १० परजीवी म्हणजे एक अधिक, ११ ते १०० म्हणजे दोन, दर फील्डला १ ते १० म्हणजे तीन, त्याहून जास्त म्हणजे चार. लवकर होतं, पण उपचाराने परजीवी किती कमी झाले हे त्यातून नीट कळत नाही. त्यासाठी पांढऱ्या पेशींसोबत मोजा. जाड स्मिअरमध्ये २०० पांढऱ्या पेशी मोजेपर्यंत किती परजीवी आले ते लिहा. रक्ताच्या एका मायक्रोलिटरमध्ये ८००० पांढऱ्या पेशी धरायच्या, म्हणजे आकड्याला ४० ने गुणायचं. ३५० आले तर १४,००० परजीवी. २०० पेशींपर्यंत शंभरही परजीवी झाले नाहीत तर ५०० पांढऱ्या पेशींपर्यंत जा आणि १६ ने गुणा. ६० आले तर ९६०. दोन हातांनी दाबायचा काउंटर नसेल तर कागदावर पाच-पाचच्या रेघा ओढा, मनात मोजू नका.

किट असताना स्लाइड कशाला

रॅपिड किट गावात पंधरा-वीस मिनिटांत उत्तर देतं, रात्री-बेरात्री जीव वाचवतं, त्याच्याविरुद्ध माझं काही नाही. पण किट किती परजीवी ते सांगत नाही. आणि फाल्सिपेरमची रेघ ज्या प्रथिनावर येते ते परजीवी मेल्यावरही काही आठवडे रक्तात राहतं. गेल्या महिन्यात उपचार झालेल्याला पुन्हा ताप आला तर किट पॉझिटिव्ह येईल, पण आत्ता परजीवी आहे का हे स्लाइडच सांगेल. उलटही होतं: किटवर काही नाही आणि हुडहुडी थांबत नाही. तेव्हा बारा ते चोवीस तासांच्या अंतराने पुन्हा स्लाइड घ्या, तीन वेळा तरी. मोठ्या दवाखान्यातून ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) बाटलीत रक्त आलं असेल तर तासाभरात स्मिअर ओढा. बाटलीत परजीवींचे आकार बदलतात आणि मग जात ओळखता येत नाही.

वाचून झाल्यावर

रिपोर्ट त्याच दिवशी द्या. पीएफ असेल तर कागद पोचायची वाट बघू नका, आशाताईंना निरोप द्या. आमच्याकडे फोन लागेलच असं नाही, त्या वाटेने जाणारी एसटी किंवा दुधाची गाडी असते. स्लाइडवरचं तेल मऊ कागद नुसता टेकवून टिपून घ्या, घासू नका, जाड थर निघून येतो. लेन्स रोज संध्याकाळी लेन्स पेपरने पुसा, शर्टाच्या टोकाने नाही. रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत, टाकाऊ काचा निळ्या डब्यात.

पॉझिटिव्ह स्लाइड सगळ्या आणि निगेटिव्हमधल्या काही वरच्या लॅबला क्रॉसचेकसाठी, म्हणजे फेरतपासणीला, जातात. त्या नंबराप्रमाणे लावून, कोरड्या डब्यात ठेवा. कुठल्या निगेटिव्ह पाठवायच्या हे तुम्ही ठरवू नका. रजिस्टरमधून ठरावीक अंतराने उचला, सुबक निघालेल्या तेवढ्या निवडून पाठवल्या तर तपासणीला अर्थ राहत नाही. वरच्या लॅबचं उत्तर आपल्यापेक्षा वेगळं आलं तर वाद घालण्याआधी तीच स्लाइड परत मागवा, त्यांनी खूण केलेल्या फील्डवर लावा आणि शेजारी आणखी एकाला बसवून बघा. निगेटिव्ह लिहिलेली पीएफ निघाली असेल तर रजिस्टर दुरुस्त करायच्या आधी त्या गावाच्या आशाताईंना गाठा. तो माणूस आता कसा आहे ते विचारा, ताजी स्लाइड घ्यायला सांगा आणि डॉक्टरांकडून त्याचा उपचार त्याच दिवशी सुरू करून घ्या.